जावळाचं पान

नेट लावलं की आमच्या दुकानाचा फोन बंद पडायचा. तार एकच. ती फोनला तरी लागायची, नाहीतर कॉम्प्युटरला. दुपारी दीडच्या सुमाराला आमचे हे जेवून आतल्या खोलीत आडवे व्हायचे, तेव्हापासून दुकान माझ्या ताब्यात. तीनला लाईट जायची ती सहाला यायची, म्हणजे माझ्या हातात दीड तास. तेवढ्यात एक फोटो नेटवर चढायचा, नशीब जोरावर असेल तर दोन. पडद्यावर एक निळी पट्टी पुढे सरकायची. सरकायची म्हणजे नुसतं म्हणायचं. मी तिच्याकडे बघत पायाचा अंगठा फरशीवर घासत बसायची. पट्टी नव्वद टक्क्यांवर आली आणि लाईट गेली, की माझ्या तोंडून जे निघायचं ते सासूबाईंनी ऐकलं असतं तर मला त्याच दिवशी माहेरच्या एस.टी.त बसवलं असतं.

संध्याकाळी कुणी ना कुणी ह्यांना विचारायचंच, "कावून हो, दुपारचा तुमचा फोन लई एंगेज लागतो?"

"लग्नसराई हाय," हे सांगायचे. भर भाद्रपदातसुद्धा हेच सांगायचे.

दुकान लग्नपत्रिकांचं होतं, केजच्या बसस्टँडवरून तहसीलकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे दुकान, मागे छपाईची खोली, वर आम्ही राहायचो. दोन हजार चार-पाचचा सुमार. पत्रिकेवर नवरा-नवरीचा फोटो छापायची नवी टूम तेव्हा आमच्याकडे पोचली होती, म्हणून ह्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला होता. मजकूर जुळवायला कॉम्प्युटर होताच. मी अंबाजोगाईला बी.ए. केलेलं, म्हणून मजकूर टाइप करणं माझ्याकडे. कुठल्या चुलत्याचं नाव कुणाच्या वर येणार यावरून लोक दुकानात भांडायचे आणि मी मान खाली घालून नावं वरखाली करत राहायची.

एकदा हे म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणतंय, तेच ते कमळ आन् तीच ती वेल. नेटवर काही नवीन हाय का बघ जरा."

मी कागदी फुलांच्या किनारी शोधायला बसले आणि भलतीकडेच जाऊन पोचले. ती परदेशातल्या बायकांची एक साइट होती. त्या बायका मोठ्या चौकोनी कागदावर घरातला एखादा फोटो लावायच्या, त्याच्या भोवती फीत, बटणं, वाळलेलं पान, तिकीट असं काहीबाही चिकटवायच्या, बाजूला स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहायच्या. अशा एका पानाला लेआउट म्हणायचं. मग त्या पानाचाच फोटो काढून साइटवर टाकायचा आणि बाकीच्यांनी खाली लिहायचं, वा, छान, रंग कुठून आणलेस. शाळेत आम्ही चिकटवही करायचो, तिचीच ही थोरली बहीण. मला वाटलं, एवढंच ना, हे तर मी उद्या करीन. माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळा. एक भाकरी तव्यावर असतानाच दुसरी थापून हातात तयार असते, आणि मग दोन्ही बिघडतात.

सामान माझ्याकडे त्या बायकांपेक्षा सरस होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. नमुन्याच्या जुन्या पत्रिकांचे गठ्ठे माळ्यावर पडून होते. मखमली, सोनेरी छापाच्या, गोंडे लावलेल्या, आत पातळ बटरपेपर असलेल्या. त्या बायका असा कागद दुकानातून विकत आणायच्या, माझ्याकडे तो फुकट सडत होता. मैद्याची खळ शिजवायची, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा खाली घ्यायचा, पत्रिका कापायचं कटर आणि लोखंडी पट्टी दुकानातली.

फोटो काढणं मात्र महाकठीण. खोलीत काढला तर पिवळा येतो, फ्लॅश मारला की सोनेरी छाप पांढरा पडतो, आणि उन्हात काढला तर पानावर माझ्याच डोक्याची सावली. शेवटी सापडलं ते असं: सकाळी आठच्या आत गच्चीवर जायचं, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. खाली सासऱ्यांचं जुनं धुवट धोतर अंथरायचं. लग्नाच्या सजावटीतला उरलेला थर्माकोल एका बाजूला उभा धरायचा म्हणजे त्याचा उजेड पानावर पडतो. वारा सुटला की पानाचे कोपरे उचलतात, म्हणून कॅमेरा एका हातात आणि कोपरा पायाच्या बोटाखाली. हे चालू असताना शेजारच्या गच्चीवरून मिरच्या वाळत घालणारी बाई माझ्याकडे बघत असायची. तिला काय वाटत असेल ते मी कधी विचारलं नाही.

पहिली पानं मी गावाची केली. बसस्टँडवरच्या सीताफळाच्या पाट्या, आमच्या दुकानाची पाटी, ऊन लागू नये म्हणून टोपीवर ओला रुमाल टाकून झोपलेला एक म्हातारा. खाली दोन-तीन जणींनी लिहिलं, रंगीत आहे. बस. मी दिवसातून दहा वेळा मनातल्या मनात ती साइट उघडायची. पोळ्या लाटताना उघडायची, धुणं वाळत घालताना उघडायची. दुपार होईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नसायचा, आणि दुपारी बघावं तर तेच, रंगीत आहे.

त्या बायकांच्या वह्यांत मुलंच मुलं होती. पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला घास. माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. लातूरचे दवाखाने झाले, नवस झाले, सोळा सोमवार झाले. आता घरात त्यावर कुणी बोलत नसे. सगळे त्या विषयाला वळसा घालून जायचे आणि मीही जायची.

माझी जाऊ माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. धाकटे दीर कड्याला साखर कारखान्यात नोकरीला, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तिला मुलगा झाला. बारशाला एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "कानामागून आली आन् तिखट झाली." पण जाऊ तिखट नव्हतीच. खरं तर ती तिखट असती तर माझं काम सोपं झालं असतं, मी तिचा मनसोक्त राग केला असता. ती सकाळी दहाला पोराला घेऊन यायची आणि म्हणायची, "धरा अक्का ह्याला, माझी कणीक राहिली." कणीक मळून व्हायची, स्वयंपाक व्हायचा, जेवणं व्हायची, तरी पोरगं माझ्याच कडेवर. तो मला "आक्" म्हणायचा. त्याला "आई" म्हणता येत नव्हतं तेव्हापासून "आक्" म्हणता येत होतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मोजून ठेवलं होतं. त्याच्याशिवाय माझा दिवस सरता सरत नसे.

अर्थात मी त्याचं पान केलं. आंघोळ घालून, तीट लावून, आईच्या मांडीवर बसलेला फोटो. त्या बायका नेहमी एकमेकींना शिकवायच्या, फोटो कापा, नको ते काढून टाका, नजर जिथं जायला हवी तिथंच जाऊ द्या. मी तो छापून घेतला आणि पट्टी ठेवून कापला. नुसतं पोरगं राहिलं, हसणारं. त्याला हिरव्या पत्रिकेची चौकट केली आणि वर चढवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उघडते तर खाली चौदा जणींनी लिहिलेलं. पहिलीच ओळ होती, तुमचा मुलगा किती गोड आहे.

मी लिहिलं, थँक यू.

दोनच शब्द. खोटं बोलले का? नाही. खरं बोलले का? तेही नाही. पण त्या दिवशी मी दुकानातून वर आले ती उड्या मारत आले, आणि सासूबाई म्हणाल्या, "काय गं, लाटरी लागली का काय?"

नंतर सवय झाली. कुणी विचारलं, किती महिन्यांचा? मी महिने आणि वर दिवसही सांगितले. कुणी विचारलं, रात्री झोपू देतो का? मी लिहिलं, अजिबात नाही. तो त्याच्या आईजवळ गाढ झोपायचा आणि पलीकडच्या खोलीत मी टक्क जागी असायची, तेव्हा तसं बघितलं तर तेही पूर्ण खोटं नव्हतं. अशा हिशेबाने माणूस कुठवर जातं ते मला आता कळतं. पुढच्या एका पानावर मी सोनेरी पत्रिकेतून इंग्रजी अक्षरं कापून लावली, माय सन. माझा मुलगा. ती अक्षरं कापताना माझा हात जरासुद्धा हलला नाही.

अकराव्या महिन्यात जावळ काढायचं ठरलं. पोराचा मामा पालीहून आला. मामाच्या मांडीवर पोराला बसवायचं, पहिली बट मामाने कातरायची, पुढचं न्हाव्याने, आणि पडणारे केस आत्याने पदरात झेलायचे. ते केस कणकेच्या उंड्यात घालून वाहत्या पाण्यात सोडतात. एकही केस मागे ठेवायचा नाही, कुणाच्या हाती लागू द्यायचा नाही. बाळाच्या जावळावर वाईट नजरेची माणसं काय काय करतात, ते आमच्याकडे दहा वर्षांची पोरगीसुद्धा सांगेल.

आता आमच्या घरात नणंद नव्हती, म्हणजे पोराला आत्या नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "बीडच्या तुमच्या चुलत नणंदेला बलवू."

जाऊ म्हणाली, "तिला कशाला? अक्का हायत की."

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तसं न्हाई गं. ह्याला लेकुरवाळी लागती."

मी तिथंच दारात उभी होते. सासूबाई वाईट बाई नव्हत्या. त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत. जे होतं ते त्यांनी भाजी निवडता निवडता सांगितलं, इतकंच. पण माझ्या हातातलं ताट मी इतक्या जोरात ठेवलं की पोरगं दचकून रडायला लागलं.

जाऊ उठली, तिने त्याला उचललं आणि म्हणाली, "अक्काच धरतील पदर. न्हाईतर मी जावळच काढत न्हाई. वाढू द्या केस."

एवढीशी पोरगी, पण सासूबाईंसमोर अशी बोलली. मामा चहा पीत होता, तो बशीतच बघत राहिला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "धरू दे मग."

मी पदर धरला. मऊ, तेलकट, जरा वळलेले केस. गुटीचा आणि दुधाचा मिळून एक वास असतो तसा त्यांना वास होता. पोरगं रडून रडून लाल झालं होतं आणि मामाच्या मांडीवरून माझ्याकडे हात करत होतं. सगळ्यांनी ते बघितलं. मला फार बरं वाटलं, उगाच नम्रपणा कशाला करू.

उंडा मी स्वयंपाकघरात केला. तिथं मी एकटीच होते. त्या बायकांच्या प्रत्येक वहीत पहिल्या केसांचं एक पान होतं. फितीखाली बांधलेली बट आणि खाली तारीख. एक बट मी वेगळी काढली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. रीत मला ठाऊक नव्हती असं मी म्हणणार नाही, ठाऊक होती. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात ती निळी पट्टी सरकायला लागली होती आणि दुसरं काही दिसत नव्हतं.

ते माझं सगळ्यांत चांगलं पान. लाल मखमली पत्रिका, मधोमध बटरपेपरची छोटी खिडकी, खिडकीआड सोनेरी गोंड्याच्या दोऱ्याने बांधलेली बट, शेजारी तुळतुळीत डोक्याचं रडवेलं पोरगं. गच्चीवर वारा नव्हता, उजेड हवा तसा मिळाला. वर चढायला दोन दुपारी गेल्या. तिसऱ्या दुपारी खाली इतक्या जणींनी लिहिलं होतं की वाचता वाचता तीन वाजले. पान मी धोतरात गुंडाळून माझ्या पेटीत ठेवलं.

पाचव्या दिवशी पोराला ताप आला. सणसणून आला. डॉक्टरांनी औषध दिलं, तरी संध्याकाळी अंगाला हात लावला तर चटका. पाण्याच्या पट्ट्या ठेवायला मऊ जुनं कापड हवं होतं. मी पोराला घेऊन बसले होते. सासूबाईंना सासऱ्यांचं धोतर आठवलं. ते कुठं असतं ते त्यांना माहीत होतं. त्या माझ्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात धोतर होतं आणि दुसऱ्या हातात ते पान.

"थोरले," त्या म्हणाल्या, "हे काय केलंस गं?"

ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पान कॉटवर ठेवलं, पुढे येऊन माझ्या मांडीवरचं पोरगं उचललं आणि जावेच्या हातात दिलं. मग मीठ-मोहऱ्या आणून उतरवून टाकल्या. करणी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण मोहऱ्या उतरवताना त्यांनी माझ्याकडे पाठ केली. जाऊ पानाकडे बघत होती.

बटरपेपर फाडून बट बाहेर काढली गेली, कणकेत घातली गेली, आणि हे मोटारसायकलवर मांजरेच्या पाण्यात ती सोडायला निघाले. निघताना आईला म्हणाले, "आई, केसानं ताप येतो का कुठं?" मग बूट घालताना माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "पण तू बी कावून ठिवलेस?"

मी काय सांगणार? लेआउटसाठी? करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

दोन दिवसांनी ताप उतरला. दात येत होते आणि घसाही लाल होता, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे माझ्यावरचं किटाळ गेलं, असं मला वाटलं. पण सकाळी दहा वाजले, जाऊ आली नाही. अकरा वाजले. मी तिच्या खोलीशी गेले तर दार ओढून घेतलेलं, आतून पोराचा आवाज. मी म्हणाले, "दे ना इकडं, कणीक मळून घे." ती आतून म्हणाली, "मळली अक्का."

असे सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांत मी दुकानातले नमुन्यांचे सगळे अल्बम पुसले, परत पुसले. मसाला कुटला. नको असताना चहा केला आणि ओतून दिला. जिना चढले, उतरले. गच्चीवर जाऊन नुसता कॅमेरा धरून उभी राहिले. एकदा पोरगं रांगत रांगत माझ्या उंबऱ्यापर्यंत आलं, "आक्" म्हणालं, आणि मी हात पुढे करेपर्यंत जावेने त्याला मागून उचललं. ती माझ्याकडे बघून कसनुसं हसली आणि गेली. मला तिचा भयंकर राग आला. सासूबाईंचं समजू शकते, जुन्या माणसांचं ते तसंच. पण हिने तर माझ्यासाठी भांडण केलं होतं. हिलाही मी चेटकीण वाटायला लागले? मी झोपेतही दात खात होते म्हणे, हे सांगायचे.

सातव्या दिवशी दुपारी मी दुकानात एकटी बसले होते. नेट लावलं नव्हतं, लावावंसं वाटत नव्हतं. जाऊ आली. पोरगं तिच्या खांद्यावर झोपलेलं. दुसऱ्या हातात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. तो माझाच होता, पेटीच्या तळाशी ठेवलेला. धोतर शोधताना सासूबाईंनी सगळी पेटी उपसली होती, तेव्हा तो तिच्या हाती लागला असणार.

तिने झाकण काढलं आणि डबा काउंटरवर पालथा केला.

फोटोंचे तुकडे होते. पट्टी ठेवून कापलेले, सरळ कडांचे. एकात हिरव्या बांगड्यांचा हात, कोपरापर्यंत. एकात खांदा आणि अर्धी वेणी. एकात नुसता कान आणि कुडी. एकात मांडी आणि तिच्यावर एक पंजा, पोराला सावरणारा, पण पोरगं नाही. पत्रिकांचे नमुने मांडतात तसे तिने ते एका हाताने ओळीने मांडले. एकवीस निघाले. जिवंत माणसाचा फोटो केरात टाकू नये म्हणतात, म्हणून मी ते टाकले नव्हते. तेवढी रीत पाळली होती.

"मला कावून कापलं, अक्का?" ती म्हणाली.

मी म्हणाले, "तसं करतात त्यात. नजर मुलावर जावी म्हणून."

"सगळ्यांत?"

मी तुकड्यांची ओळ उगाच सरळ करायला लागले.

"आईंना वाटतंय तुमी केसावर काही केलंत," ती म्हणाली. "मला तसलं एक दिस बी वाटलं न्हाई. केस मागितले असते तर मी आपल्या हातानं दिले असते. पण हा डबा घावला आन् मग माझ्यानं पोरगं देववंना तुमच्याकडं. म्या रोज मांडी घालून बसायची, तुमी म्हणायच्या हास जरा, म्या हासायची. कुठं गेलं ते सगळं?"

तिचा आवाज चढला नव्हता. मला वाटलं, सासूबाईंनी लावलेला आरोप बरा होता. तो खोटा होता, त्यावर चिडता येत होतं.

"दाखवा मला," ती म्हणाली. "तिथं काय हाय ते बघू द्या."

मी नेट लावलं. फोनच्या तारेतून नेट लागतानाची ती किंचाळी आली, पोरगं जरा हललं, परत झोपलं. मी तिच्यासाठी स्टूल ओढलं. पडद्यावर पान वरून खाली हळूहळू उतरायला लागलं. आधी सोनेरी अक्षरं आली. जाऊ बारावी झालेली. तिने ओठ हलवत वाचलं, माय. मग वाचलं, सन. तिला समजावून सांगावं लागलं नाही. मग पोराचं तोंड आलं, मग खालचं लिखाण. त्यातली एक ओळ तिने बोट ठेवून वाचली आणि विचारलं, "ही काय म्हणती?"

"मुलाचं हसणं तुझ्यासारखं आहे म्हणते."

"तुमच्यावानी?" तिने माझ्याकडे बघितलं, आणि ती खरोखर जराशी हसली. पोरगं हसताना हसतं अगदी तसंच, डाव्या गालातून. "तिनं तर तुमाला बघितलं बी न्हाई."

मी माऊस हातात घेतला. म्हणाले, "आत्ता काढून टाकते. सगळीच पानं काढते."

"राहू द्या."

"का?"

ती पोराच्या पाठीवर थोपटत राहिली. मग म्हणाली, "तिथं राहू द्या तुमचाच. त्या बायांना काय कळतंय? हितं तर माझा हाय ना."

तिने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. मोठ्या मनाने म्हटलं होतं. आणि मला ते सहन झालं नाही. नऊ वर्षं डॉक्टर झाले, देव झाले, लोकांच्या नजरा झाल्या, तेव्हा मी रडले नव्हते, आणि आता ही अकरा वर्षांनी लहान पोरगी मला तिचं पोरगं वाटीभर साखर द्यावी तसं देत होती, परत मागणार नाही म्हणत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाने की रागाने, मला आजही सांगता येत नाही.

"नको," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले. "तुझा तो तुझाच. तिथंही."

आणि मी त्या पानाखाली टाइप करायला घेतलं. पत्रिकांचा मजकूर मी धडाधड टाइप करायची, पण हे एका बोटाने करावं लागलं. दोनदा चुकलं, दोनदा खोडलं. दोनच वाक्यं होती, इंग्रजीतली. जाऊ पडद्याकडे वाकून बघत होती.

"काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. "हा माझ्या जावेचा मुलगा आहे. मला मूल नाही."

हे दुसरं वाक्य माझ्या स्वतःच्या आवाजात मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

जाऊ म्हणाली, "पयलं ठीक हाय. दुसरं कावून लिवलं, अक्का? त्यांनी इचारलं नव्हतं."

"पहिलं तुझं आहे," मी म्हणाले. "दुसरं माझं."

तिने पोराला एका खांद्यावरून उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतलं, माझ्या बाजूच्या, आणि ते वर चढायची वाट बघत आम्ही दोघी बसलो.